खडी फुटली की सुटली?

९ एप्रिल २०२४

पाडवा. साइटला सुट्टी आहे, पण काँक्रीटच्या क्यूबला सणवार नसतात. अठ्ठावीस दिवस आज भरले म्हणजे आजच फोडायचे. गुढी उभारली, कडुलिंब चावला आणि पैठण रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत लॅब गाठली.

टँकमधून साध्या एम-२५ चे आणि जास्त ताकदीच्या एम-६० चे क्यूब काढले. दोन्हीची मापं तीच, दीडशे मिलीमीटर. खडीही एकाच क्रशरची. एम-२५ फुटताना आधीपासून कुरकुरतो. साठ टनांपासून कट्‌कट् सुरू होते, सत्तरच्या आसपास काटा मान टाकतो, कडेचे पापुद्रे गळतात आणि आत दोन पिरॅमिड टोकाला टोक लावून उभे राहतात. एम-६० मात्र सव्वाशे टन ओलांडले तरी चिडीचूप होता. मग एकदम बार. सीटीएमचं, म्हणजे क्यूब दाबायच्या यंत्राचं, जाळीचं दार लावलं होतं म्हणून बरं, नाहीतर कपच्या भिंतीवर गेल्या असत्या.

तुकडे गोळा करताना हेल्पर पोरगा थबकला. इथलाच आहे, बिडकीनचा, आयटीआय झालेला. दोन तुकडे दोन हातांत धरून म्हणाला, "सर, कच्च्या काँक्रीटचं तोंड असं खडबडीत, अन् पक्क्याचं सपाट. उलटं पाहिजे ना?"

मी तुकडे हातात घेतले. एम-२५ च्या तोंडावर एका बाजूला खडीचे उंचवटे, दुसऱ्या बाजूला त्यांचेच खळगे. काही खळगे इतके साफ की बोट फिरवलं तर आत ओल्या सिमेंटने घेतलेला दगडाचा ठसा लागावा. एम-६० च्या तोंडावर खळगा जवळजवळ नाहीच. खडी मधोमध चिरलेली, काळ्या बेसॉल्टच्या कापलेल्या चकत्या राखाडी सिमेंटच्या पातळीत. बोट सरळ फिरतं.

प्रश्न बरोबर आहे. उत्तर पाडव्याच्या दिवशी द्यायचं म्हटलं तर श्रीखंड राहून जाईल.

११ एप्रिल

पोऱ्याला फळ्यावर समजावलं. भेग पुढे जायची म्हणजे नवा पृष्ठभाग तयार करायचा, आणि त्याला ऊर्जा लागते. हा हिशेब ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने १९२१ साली काचेवर मांडला. भेग त्या हिशेबाने चालते, म्हणजे स्वस्त वाट शोधते.

काँक्रीटमध्ये तीन वाटा आहेत. एक खडीतून, दुसरी सिमेंट-वाळूच्या गाऱ्यातून, तिसरी खडी आणि गारा यांच्यामधल्या पातळ सालीतून. ही साल वीस-चाळीस मायक्रॉनची असते. खडीभोवती पाणी जास्त साचतं, सिमेंटचे कण दाटीने बसत नाहीत, म्हणून ती सच्छिद्र आणि कच्ची राहते. साध्या काँक्रीटमध्ये भेग खडीशी पोचली की सालीतून वळसा घालते.

पण वळसा फुकट नसतो. खडी गोल धरली तर अर्ध्या गोळ्याचं क्षेत्रफळ त्याच्या मधल्या कापाच्या दुप्पट भरतं. म्हणजे सालीची किंमत दगडाच्या निम्म्याहून कमी असेल तरच वळसा परवडतो. एम-६० मध्ये पाणी कमी, सिमेंट जास्त, वर सिलिका फ्यूम. साल भरून निघते, महाग होते. मग भेग म्हणते, वळसा कशाला? सरळ दगडातूनच जाऊ.

पोरगा म्हणाला, "म्हंजे खडी तेवढीच, पण एकीत खडबड अन् दुसरीत नाही."

तोच मुद्दा. माल विस्कळीत आहे की नाही हे त्यात किती जिन्नस कोंबले यावर ठरत नाही. त्या जिन्नसांच्या ताकदीत फरक किती, यावर ठरतं. दोन्ही क्यूबमध्ये दगडांची गर्दी सारखीच होती. भेगेच्या नजरेने एकात चढउतार होते आणि दुसऱ्यात सपाट मैदान.

१८ एप्रिल

शेती करणाऱ्या आमच्या तात्यांच्या रानात गेलो होतो. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्यात, रान उघडं पडलंय. काळी माती तडकलीय, काही भेगांत कोपरापर्यंत हात जातो. तात्या म्हणतात, "तडकू द्या, भेगा पडल्या तरच रान तापतं अन् पहिलं पाणी खाली जातं."

रानातल्या भेगेची भिंत ढेकळाढेकळांची, मुळांनी आणि गोट्यांनी वाकडीतिकडी. बांधाखाली मात्र मागच्या पावसाळ्यात डबकं साचलं होतं, तिथे निव्वळ गाळ बसलाय. एकजात बारीक कणांचा. तिथल्या भेगा सुरीने कापल्यासारख्या, पापुद्रे वाटीसारखे वर वळलेले. तीच माती, तोच उन्हाळा. एकीकडे सरमिसळ आहे, दुसरीकडे नाही.

२४ एप्रिल

लॅबमधला मोजपात्राचा काचेचा नळा आज फुटला. वाळूतला गाळ तपासायचा नळा. नवा मागवावा लागेल. तुकडे टाकण्याआधी भिंगाखाली धरले.

काच हा आपल्या हाताशी असलेला सगळ्यात एकसारखा माल. ना कण, ना थर. मग तिची भेग गुळगुळीतच हवी. सुरुवातीला ती असतेही. जिथून तडा सुटतो तिथे छोटा अर्धवर्तुळाकार भाग आरशासारखा चमकतो. पुढे चमक जाते, धुकं धरल्यासारखं दिसतं. त्याच्याही पुढे रेषा, ओरखडे, फाटे, चक्क खडबडीत. काचेचे जाणकार या पट्ट्यांना आरसा आणि धुकं याच अर्थाची नावं देतात, आणि आरशाच्या त्रिज्येवरून काच किती ताणाखाली फुटली ते सांगतात. आरसा लहान तर ताण मोठा.

म्हणजे खडबडीला असमानताच हवी असं नाही. वेगही तिला जन्म देतो. प्लेक्सिग्लासमधल्या तड्यांवर १९९१ साली जे. फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पृष्ठभागावरच्या ध्वनिलहरीच्या वेगाच्या चाळीस टक्क्यांच्या थोडं अलीकडेच तडा डळमळू लागतो. त्याच्या आत तो सरळ, वर गेला की फाटे फोडत जातो. हे लक्षात ठेवायला हवं, नाहीतर प्रत्येक खडबडीचं खापर खडीवर फोडलं जाईल.

१ मे

महाराष्ट्र दिन. संध्याकाळी विजेच्या खांबावरचा डीओ फ्यूज उडाला आणि आमची आळी अंधारात. वायरमन येईपर्यंत ओट्यावर बसून पोऱ्याला फ्यूजचं मॉडेल सांगितलं. निमित्त आयतंच मिळालं.

१९८५ साली द आर्कांजेलिस, रेडनर आणि हेरमान या तिघांनी भेगेचा अभ्यास विजेच्या जाळ्यावर नेला. तारांची मोठी चौकडी घ्यायची, प्रत्येक दुव्यावर एक फ्यूज. प्रत्येक फ्यूजची झेपणारी ताकद सोडतीने ठरवायची. वरून खालपर्यंत वीज सोडायची, हळूहळू वाढवायची. कमजोर फ्यूज जळला की त्याच्या वाट्याची वीज शेजाऱ्यांवर पडते. शेवटी जळालेल्या फ्यूजांची सलग रांग आरपार गेली की जाळं तुटलं. वीज म्हणजे ताण, जळालेली रांग म्हणजे भेग. हिशेब संगणकाला झेपणारा होतो, हा त्यातला फायदा.

आता सगळ्या फ्यूजांची ताकद जवळपास सारखी ठेवली तर काय होतं? पहिला जळतो, त्याच्या दोन्ही टोकांच्या शेजाऱ्यांवर सगळ्यात जास्त भार येतो, तेच पुढे जळतात, मग त्यांचे शेजारी. रांग सरळ. आणि सगळं एका दमात.

ताकदीत जमीनअस्मानाचा फरक ठेवला तर? भार वाढलेला शेजारी दणकट निघतो, तग धरतो. तिकडे लांब कुठेतरी एखादा मरतुकडा फ्यूज कमी भारातही जळून जातो. असे कितीतरी इथे-तिथे जळतात, एकमेकांशी संबंध नसलेले. मग केव्हातरी जाळं तुटायला येतं तेव्हा भेग या विखुरलेल्या जखमा जोडत जाते. जोडताना वर-खाली व्हावंच लागतं. तीच खडबड.

पोरगा लगेच म्हणाला, "म्हणून एम-पंचवीस आधी कुरकुरतो." मला सांगावंही लागलं नाही. ती कुरकुर म्हणजे विखुरलेले फ्यूज जळताना येणारा आवाज. एम-६० ला विखुरलेल्या जखमा फार नसतात, म्हणून सूचना न देता बार.

वायरमन साडेनऊला आला.

६ मे

उन्हाचा ताव. दुपारी साइट बंद, लॅबमध्ये कूलरपुढे वाचत बसलो.

खडबड मोजायची कशी? साधी रीत अशी. भेगेच्या तोंडावर दोन ठिपके घ्यायचे, त्यांच्या उंचीतला फरक मोजायचा. ठिपके दूर दूर नेत जायचे. फरक वाढत जातो, पण अंतराच्या मानाने कमी वेगाने. समजा एक सेंटिमीटर अंतरावर उंचीत सरासरी एक मिलीमीटरचा फरक पडतो. अंतर दहापट केलं तर फरक दहापट होत नाही. ०.८ हा घातांक असेल तर सुमारे ६.३ मिलीमीटर होतो. ०.४ असेल तर अडीच. म्हणजे खडबडीला दोन आकडे लागतात. एक, ती किती मोठी आहे. दुसरा, अंतरासोबत कुठल्या दराने वाढते.

१९८४ मध्ये मांडेलब्रॉट, पसोजा आणि पॉले यांनी 'नेचर' मध्ये लिहिलं की पोलादाच्या तुटलेल्या तोंडाची खडबड भग्नमितीची, म्हणजे फ्रॅक्टल असते, आणि तिच्या आकड्याचा धातूच्या चिवटपणाशी संबंध आहे. केवढी सोय झाली असती! तुकडा पाहायचा, आकडा काढायचा, चिवटपणा सांगायचा. लॅबवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटावं असा दावा.

१९९० साली फ्रान्समध्ये एलिझाबेथ बुशो, लापासे आणि प्लानेस यांनी त्यावर पाणी ओतलं. त्यांनी अॅल्युमिनियमचा एकच मिश्रधातू घेतला, त्याला चार वेगवेगळ्या तऱ्हांनी ताव दिला. चिवटपणा वेगळा झाला, तुटण्याची तऱ्हा वेगळी झाली. दराचा आकडा मात्र प्रत्येक वेळी ०.८ च्याच आसपास. मग १९९२ मध्ये नॉर्वेच्या मोलॉय आणि मंडळींनी ग्रॅफाइट, बेकेलाइट यांसारखे निरनिराळे ठिसूळ पदार्थ तोडून पाहिले, तिथेही ०.८ च्या जरा वर. फ्यूजच्या जाळ्यावर हान्सेन, हिन्‍रिक्सन आणि रू यांनी १९९१ मध्ये ताकदीची सोडत बदलून बदलून पाहिली, तरी तिथला आकडा ०.७ च्या आसपास घुटमळत राहिला.

  

मग पदार्थाला काहीच म्हणायचं नसतं का? असतं. वालुकाश्म आणि काचेचे मणी भाजून केलेल्या सिरॅमिकवर ०.८ नव्हे तर ०.४ ते ०.५ मिळाला. त्यावर लोरां पोंसों, डानिएल बोनामी आणि बुशो यांच्या गटाने जी मांडणी केली ती मला पटते. भेगेच्या टोकापुढे एक मोडतोडीचा पट्टा असतो, छोट्या छोट्या जखमांचा. त्या पट्ट्याहून लहान अंतरावर पाहिलं तर जखमा जोडल्याची खडबड दिसते, आकडा ०.८. त्याहून मोठ्या अंतरावर पाहिलं तर माल एकसंध वाटतो, भेग एक सलग रेषा म्हणून पुढे सरकते आणि अडथळ्यांवर थोडी थोडी डगमगते, आकडा ०.४. काचेत हा पट्टा नॅनोमीटरांचा, धातूत मिलीमीटरच्या हिशेबात. काँक्रीटमध्ये तर कैक सेंटिमीटर, म्हणजे आमचा क्यूब जवळजवळ अख्खाच त्या पट्ट्यात.

माझ्यापुरता निकाल असा: विस्कळीतपणा खडबडीचा कायदा फारसा बदलत नाही. तो खडबडीचं माप ठरवतो आणि तो कायदा कुठपर्यंत चालेल त्याची शीव ठरवतो.

१० मे

अक्षय्य तृतीया. तात्यांकडे आमरस-पोळी. जेवणानंतर विहिरीवर. यंदा पाणी तळाला गेलंय, मे महिन्यात नाथसागर जलाशयाचाच उपयुक्त साठा एक आकडी टक्क्यांवर आला तिथे विहिरीची काय कथा. तात्यांनी विहीर आणखी खाली न्यायला घेतलीय. खाली उतरलेले मिस्त्री वयस्कर, उभी हयात दगडात गेलेली. त्यांच्याशी तासभर बोललो.

विहिरीची भिंत म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा उभा काप, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वर काळी माती, मग मुरूम, मग घट्ट काळा पाषाण, त्याखाली मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि पुढे पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरून गेले, असा ठिपक्याठिपक्यांचा खडक.

मिस्त्री म्हणाले, "पाषाणाची नस धरली की पाचर सरळ उतरते. चिरा निघतो, तोंड साफ. मांजऱ्या घण खातो. मारलं तिथंच फुटतो, पुढं जात नाही. निघतं ते ढेकूळ."

मी भिंतीवर हात फिरवला. पाषाणात उभ्या सांधी, वरपासून खालपर्यंत एका रेषेत, तोंडं सपाट. मांजऱ्यात सांध शोधून सापडत नाही. ही काही तात्यांच्या विहिरीचीच गोष्ट नाही. महाराष्ट्रातल्या धरणांचे पाये तपासणाऱ्या भूशास्त्रज्ञांनी, आणि त्यांत पुण्याच्या आर. बी. गुप्ते यांचं नाव आधी घ्यावं लागतं, हे फार पूर्वी सांगून ठेवलंय: दिसायला भक्कम, घट्ट पाषाण सांधींमुळे गळतो आणि दिसायला गचाळ, न झिजलेला मांजऱ्या पाणी धरतो. नव्या इंजिनिअरला हे पटायला वेळ लागतो.

त्यामागचं एक कारण भेगेच्या गणितातही असावं. १९१३ साली सी. ई. इंग्लिसने दाखवलं की ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो, पण टोकदार फट असेल तर कित्येक पट. टोक जितकं अणकुचीदार तितका ताण जास्त. आता धावती भेग गोल पोकळीत शिरली की तिचं टोक बोथट होतं. पुढे जायला पुन्हा जोर लावावा लागतो. एमआयडीसीतले वेल्डर इंग्लिसचं नाव न घेता हेच करतात. पत्र्याला तडा गेला की त्याच्या टोकावर आधी ड्रिल मारतात, मग वेल्डिंग. मांजऱ्यात लाव्ह्याने थंड होतानाच हजारो भोकं करून ठेवली.

पण मांजऱ्याचं कौतुक बेतानेच. उघड्यावर ठेवला तर चार पावसाळ्यांत भुगा होतो. त्याची खडी कुणी आणली तर मी ट्रक परत पाठवतो.

१४ मे

काल मतदान झालं. बोटाची शाई अजून ताजी आहे.

रात्री शेजारच्या वस्तीवर बोअरची गाडी आली होती. अख्खी वस्ती जागी. साडेतीनशे फूट कोरडा फुफाटा, मग एकाएकी ओलसर राख आणि पाण्याचा फवारा. टाळ्या पडल्या. पाणी लागलं म्हणजे भेग लागली. पाषाणात पाणी दुसरीकडे राहणार कुठे?

भेगेतून किती पाणी येईल हे तिच्या उघडेपणाच्या घनावर ठरतं. फट दुप्पट रुंद तर पाणी आठपट. इथे खडबड दोन तऱ्हेने काम करते. दोन्ही तोंडं एकमेकांचा तंतोतंत साचा असतील तर वरच्या खडकाच्या वजनाने ती पुन्हा बसतात, फट मिटते. पण एक बाजू बोटभर जरी सरकली तरी उंचवट्यावर उंचवटा येतो, तोंडं एकमेकांना टेकून उभी राहतात आणि मधे वाटा उरतात. गुळगुळीत भेग सरकली तरी मिटूनच राहते. खडबडीत भेग सरकली की उघडी राहते. अर्थात त्या उंचवट्यांमुळे पाण्याला वळणंही घ्यावी लागतात, सपाट फटीच्या हिशेबापेक्षा ते कमीच येतं. तरी मिटलेल्यापेक्षा वळणदार बरी.

वस्तीवर हे कोणी ऐकलं नसतं. ते नारळ फोडण्यात गुंतले होते. मीही गप्प बसलो आणि प्रसाद घेतला.

२१ मे

शेंद्रा आणि बिडकीन मिळून औरिक या औद्योगिक शहराची सुमारे दहा हजार एकर जमीन. त्यातल्या रस्त्यांवर, प्लॉटांवर कुठे ना कुठे काँक्रीट पडतच असतं. उन्हामुळे आमचं काम रात्रीवर आलंय. एका आवारातला रस्ता. संध्याकाळी सातला ओतायला सुरुवात, पहाटे कटर.

गावातले लोक हे पाहून हसतात. एवढा खर्च करून रस्ता ओतायचा आणि सकाळ व्हायच्या आत करवतीने चिरायचा! पण काँक्रीट आकसतं, त्याला तडे जाणारच. ते कुठे जावेत एवढंच आपल्या हाती. दर साडेचार मीटरवर, स्लॅबच्या जाडीच्या तिसऱ्या ते चौथ्या हिश्शापर्यंत आडवा काप घेतात. उरलेली जाडी खालून आपोआप तडकते. वरचे काही सेंटिमीटर करवतीचे, सपाट. खालचा तडा निसर्गाचा, दातेरी.

त्या दातेरीपणावर रस्ता उभा आहे. ट्रकचं चाक एका स्लॅबवरून दुसऱ्यावर जाताना अर्धा भार पलीकडच्याने उचलायला हवा. भेगेच्या एका बाजूची खडी दुसऱ्या बाजूच्या खळग्यात अडकलेली असते, तिच्यामार्फत भार पलीकडे जातो. फट मिलीमीटरभराहून जास्त उघडली की दात सुटतात. म्हणून जड वाहतुकीच्या रस्त्यात शिवाय डॉवेल बार, म्हणजे दोन स्लॅब जोडणाऱ्या लोखंडी सळया, घालतात, निव्वळ खडीच्या भरवशावर राहत नाहीत.

इथेच पोऱ्याने पाडव्याचा धागा पकडला. "पण सर, काँक्रीट पक्कं झाल्यावर तडा गेला तर खडी फुटंल की."

अगदी. म्हणूनच काप वेळेत हवा. पहाटे काँक्रीट अजून कोवळं असतं, गारा आणि साल दोन्ही कच्ची. तेव्हाचा तडा खडीला वळसा घालून जातो, दात चांगले धरतात. काप राहिला आणि तडा आठ-दहा दिवसांनी गेला तर तो जाईल भलत्याच जागी, आणि वर खडीतून सरळ. म्हणजे कटरवाला झोपला तर नुकसान नुसतं दिसण्यातलं नसतं.

पहाटे चारला कटर सुरू झाला. कापाच्या पाण्याची राखाडी चिखलवणी, दिव्याखाली किडे. काप घ्यायची नेमकी वेळ ओळखणं हे हाताचं कसब आहे. लवकर घेतला तर कडेची खडी उपटते, उशीर झाला तर तडा करवतीच्या पुढे पळतो.

२९ मे

सुतारकामाच्या सामानात एक सुयांचं साधन मिळतं, नक्षीच्या कडेवर दाबलं की सुया मागे सरकून आकार उतरवतात. ते आणून क्यूबच्या तोंडांवर दाबून पाहिलं. कागदावर रेषा उतरवल्या. एम-२५ च्या रेषेत टेकड्या खडीच्या मापाच्या. एम-६० ची रेषा थरथरते तेवढीच.

खडकवाले हे कधीपासून करतात. निक बार्टन आणि व्ही. चौबे यांनी १९७७ साली खडकातल्या सांधींच्या दहा नमुनेदार रेषा छापल्या, प्रत्येक साधारण दहा सेंटिमीटर लांबीची, शून्य ते वीस अशा गुणांनी क्रमवार. आजही बोगद्यावरचा भूशास्त्रज्ञ हातातली सांध त्या दहा रेषांशी ताडून गुण देतो, आणि त्या गुणावरून सांध घसरायला किती जोर लागेल त्याचा हिशेब करतो. डोळ्याने दिलेले गुण आहेत, दोघांचे सारखे पडत नाहीत. तरी काहीच न लिहिण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

९ जून

काल मृगाचा पाऊस. रात्रभर चांगला लागला. तात्यांच्या रानातल्या भेगांनी पहिलं पाणी गटागट प्यालं आणि सकाळी तोंडं मिटत आली होती. तात्या बियाण्याच्या दुकानाच्या रांगेत.

आज रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला. क्यूबचा नंबर, तारीख, वजन, भार, ताकद, आणि आता 'तोंड'. त्यात तीनच नोंदी: खडी फुटली, खडी सुटली, मिश्र. सुटली असेल तर खळग्यात धूळ होती का, तेही. कारण खडी न धुता डस्टसकट वापरली की साल आणखी कच्ची होते आणि दगड साफ निखळतो. ताकदीचा आकडा कसाबसा पास झाला तरी ही गोष्ट तोंड सांगतं. अठ्ठावीस दिवसांच्या एम-६० मध्ये खडी सुटलेली दिसली तर मिक्समध्ये काहीतरी बिघडलंय, भार कितीही आला असो. आणि रस्त्याच्या कोवळ्या सांध्यातून काढलेल्या कोअरमध्ये खडी फुटलेली दिसली तर काप उशिरा गेलाय.

पोऱ्याने विचारलं, "सर, हे कोडमध्ये आहे का?"

आहे. आयएस ५१६ च्या १९५९ च्या आवृत्तीतच अहवालात काय लिहायचं त्या यादीत फुटलेल्या तोंडाचं स्वरूप आहे, काही वेगळं दिसलं तर नोंदवा म्हणून. आमच्याकडच्या छापील फॉर्मवर तो रकाना कधी नव्हताच. वेगळं काय हे ठरवायला आधी रोजचं लिहून ठेवावं लागतं.

तेव्हा लॅबवाल्या मित्रांनो, सीटीएमचा आकडा लिहून झाला की क्यूब लगेच ढिगाऱ्यावर फेकू नका. तोंड वर करून पाहा, बोट फिरवा, आणि लिहा: खडी फुटली की सुटली.